जावयाचं नाव

गाडी धुवायच्या बोगद्यात शिरल्यावर लुरीन टॅकेटनं नेहमीप्रमाणे स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. इथून पुढं गाडी आपली आपण सरकते, माणसानं काही करायचं नसतं, हे तिला आवडायचं. काचेवर आधी गुलाबी फेस आला, मग निळा, मग दोन्ही बाजूंचे केसाळ ब्रश खिडक्यांना घासत पुढं आले आणि बाहेरचं सगळं पुसलं गेलं. आत उरला फक्त रेडिओ. रविवारी सकाळी विद्यापीठानं आपल्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या मुख्य प्रशिक्षकाला नारळ दिला होता आणि तेव्हापासून ब्रँटली गावात कुणाला दुसरं काही सुचत नव्हतं. नवा कोण? दिवसभर लोक रेडिओला फोन करत, नावं फेकत, एकमेकांची नावं तुडवत. लुरीन आंघोळीला जातानासुद्धा रेडिओ चालू ठेवी. आत्ता बोलत होता तो कुणी ट्रकवाला असावा, मागं इंजिनाची घरघर ऐकू येत होती. तो म्हणाला, "माझं ऐका. ते मिनेसोटातलं पोरगं आणा. लहान कॉलेजात आहे, पण डोकं आहे त्याला. काय ते नाव... ब्रिझायना. नील ब्रिझायना."

"ब्रेझिना," लुरीन मोठ्यानं म्हणाली. बंद गाडीत तिचाच आवाज तिला परका वाटला. आणि त्याच्या पाठोपाठ, अगदी पापणी लवायच्या आत, तिच्या मनात आलं: हा नको. चौथ्या, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला दोनच यार्ड उरले तरी पुढं घुसायचं सोडून लाथ मारून चेंडू समोरच्यांना देऊन टाकणारा माणूस. याची बचावाची फळी डावीकडं नेहमी उघडी. हा इथं दोन मोसमसुद्धा टिकायचा नाही, आणि ते दोन मोसम आपले वाया जातील. एवढं सगळं मनात येऊन गेल्यानंतर तिला शॉना आठवली. आपली मुलगी. नील ब्रेझिना हा त्या मुलीचा नवरा. तो इथं आला तर शॉना इथं येणार, दोन्ही नातवंडं येणार, चार गल्ल्या पलीकडं राहणार. हे आधी आठवायला हवं होतं. हे आधी का नाही आठवलं? ब्रश मागं फिरले, वरून पाणी कोसळलं, मग वाऱ्याचा झोत आला आणि काचेवरचे थेंब घाबरल्यासारखे वर पळायला लागले. बोगदा संपून उजेड आला तरी लुरीनचे हात मांडीवरच होते. मागच्या गाडीनं दोनदा भोंगा वाजवला तेव्हा कुठं तिनं गिअर टाकला.

घरी जाताना तिनं रेडिओ बंद केला. हे तिच्या हातून सहसा होत नसे. फुटबॉलचं वेड तिला बापाकडून आलं होतं. बाप कोळशाच्या खाणीत कामाला, बोलणं बेताचं, पण शरद ऋतूतल्या शनिवारी त्याच्या अंगात कुणीतरी संचारायचं. पाच वर्षांच्या लुरीनला खांद्यावर घेऊन तो स्टेडियमच्या पायऱ्या चढे आणि वर पोचल्यावर म्हणे, "बघ पोरी, आपली माणसं." सत्तर हजार माणसं, सगळी संघाच्या विटकरी रंगात. पुढं आयुष्यात कुठल्याही चर्चमध्ये, कुठल्याही लग्नात, स्वतःच्यासुद्धा, तिला 'आपली माणसं' हा शब्द तसा जाणवला नाही. हार्लन, तिचा नवरा, भला माणूस. शनिवारी तो गळ घेऊन तळ्यावर जाई. तिनं त्याला कधी स्टेडियमवर ओढलं नाही, त्यानं तिला कधी तळ्यावर बोलावलं नाही. त्याला जाऊन आता सहा वर्षं झाली, आणि शनिवारचं तिला अजूनही काही वेगळं वाटत नव्हतं, बाकीचे वार मात्र लांब झाले होते. शॉना लहानपणी आईबरोबर सामन्यांना यायची. बारा वर्षांची झाली त्या वर्षी म्हणाली, "मी नाही येत आजपासून." का ते सांगितलं नाही, लुरीननं विचारलंही नाही, सामना साडेबाराला सुरू होणार होता. नंतर देवाला थट्टा सुचली आणि त्याच मुलीनं एका फुटबॉल प्रशिक्षकाशी लग्न केलं. नेब्रास्काचा, शेतकऱ्याचा मुलगा, आधी कुठंतरी सहायकाचा सहायक, मग सहायक, मग एवढ्याशा कॉलेजचा मुख्य. सात गावं झाली. शॉनाचा फोन आला की लुरीन आधी मागचे आवाज ऐकायची. खोक्यांना चिकटपट्टी लावल्याचा चर्रर्र आवाज आला की ओळखायचं, पुन्हा बदली. नातू आता आवाज फुटायच्या वयात आला होता. मधली पाच-सहा वर्षं त्याचा आवाज कसा होता, हे तिला नाताळ सोडला तर फक्त फोनमधूनच ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गावातल्या हॉटेलात नेहमीच्या न्याहारीच्या टेबलावर गेली. तिथं बूएल स्टॅम्पर आणि थर्मन ओक्स आधीच बसले होते. ही तिघं स्टेडियममध्ये एकाच रांगेत बसत आणि हंगाम नसताना या टेबलावर. बूएल छपरं घालायचं काम करायचा, आता मुलं करतात. आवाज मात्र अजून छपरावरून खाली ओरडणाऱ्याचाच राहिला होता. थर्मन निवृत्त पोस्टमन, सगळं हळू बोलणारा. त्यानं ताटलीशेजारी फोन उभा करून ठेवला होता आणि त्यावर विमानांचा नकाशा होता. प्रशिक्षक शोधायच्या दिवसांत ब्रँटलीच्या छोट्या विमानतळावर कुठून विमान उतरतं, यावर अर्ध्या गावाची नजर असायची.

"टेक्सासातून एक निघालंय," थर्मन म्हणाला. "छोटं. दोन इंजिनांचं."

"गिडन्स!" बूएलनं टेबलावर थाप मारली तशी रश्श्याची वाटी हलली. "ओटिस गिडन्स. मी लिहून देतो. बचाव कसा करायचा ते त्या माणसाकडून शिकावं. तो आला ना, तर मी उद्यापासून तंबाखू सोडतो."

"तू मागच्या वेळीही सोडली होतीस."

"मागच्या वेळी बावळट आणला त्यांनी. आणि आता काय म्हणतायत, तर मिनेसोटातला तो ब्रेझिना! काल रात्री इंटरनेटवर, चाहत्यांच्या फलकावर वाचलं मी. अरे, तिथं समोर खेळतं कोण? दूध घालणाऱ्यांची पोरं. बर्फात घसरून पडतात ती, आणि हा म्हणतो मी जिंकलो. आणि त्याचा बचाव बघितलास? चाळणी बरी! त्यापेक्षा माझ्या म्हातारीला उभी कर, ती तरी कुणाला..."

इथं थर्मनचा पाय टेबलाखाली हलला. बूएलचं तोंड उघडंच राहिलं. मग ते मिटलं. त्याच्या मानेवरून लाली वर चढत कानांपर्यंत गेली, आणि तो पावासारख्या जाड, मऊ बिस्किटाचा तुकडा रश्श्यात बुडवून बुडवून त्याचा लगदा करू लागला. नील ब्रेझिना कुणाचा जावई आहे हे त्याला पंधरा वर्षं माहीत होतं. शॉनाच्या लग्नात तो नाचला होता.

लुरीननं कॉफीचा घोट घेतला. ही शांतता तिला नवी होती. या टेबलावर नवऱ्याच्या आजारपणात, बूएलच्या मुलाच्या घटस्फोटात, कशातही कुणी असं गप्प झालं नव्हतं. निवृत्तीआधी हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढायच्या नोकरीत ती शिशाचा अंगरखा घालायची, तसं काहीतरी जड तिच्या खांद्यांवर कुणी आणून ठेवलं. दोघं तिच्याकडं बघत नव्हते. म्हणजे हे असं होणार, तिच्या मनात आलं. तो आला, तर दर शनिवारी आपल्या चारी बाजूंनी ही अशी शांतता बसणार. सगळे ओरडतील आणि आपल्या रांगेत फक्त कोटांची सळसळ.

"थांबलास का, बूएल?" ती म्हणाली. "बोल."

"नाही गं. मी आपला उगाच. तसा बरा आहे तो. पोरगा मेहनती आहे, हो की नाही थर्मन?"

"मेहनती आहे," थर्मन म्हणाला.

"त्याचा गेल्या वर्षीचा उपांत्य सामना तुम्ही दोघांनी बघितलाच नाहीये," लुरीन म्हणाली. "मी बघितलाय. डावीकडून तीच एक चाल त्यांनी चार वेळा केली, आणि चारही वेळा याची माणसं उजवीकडं धावली. पहिल्यांदा चूक होते. चौथ्यांदा होतं ते मास्तराचं अपयश. चौथ्या प्रयत्नाला हा भितो. पोरं चांगली निवडतो, शिकवतो चांगलं, पोरांना त्याच्यासाठी मरावंसं वाटतं. पण शेवटच्या दहा मिनिटांत हा जिंकायला नाही, न हरायला खेळतो. इथं त्याला सोलून काढतील."

दोघं तिच्याकडं बघत राहिले. बोलताना तिला बरं वाटत होतं, हेच तिला नंतर छळत राहिलं. अंगात ऊब आली होती, शब्द आपले आपण रांगेत येत होते. कुणाबद्दल बोलतोय आपण? नाताळला आपल्या स्वयंपाकघरात उभा राहून भांडी विसळणारा, आपल्याला अजूनही इथल्या रीतीनं आदरानं 'मिस लुरीन' म्हणणारा तो उंच, वाकलेला माणूस. बूएल हळूच म्हणाला, "बाप रे, लुरीन. तू त्याची सासू आहेस की सरकारी वकील?" आणि तिघंही हसली, पण बूएलनं त्यानंतर विषय काढला तो हवेचा.

तिथून ती घरी गेली नाही. हॉस्पिटलच्या मागच्या वाहनतळावर, जिथं तिनं आयुष्यभर गाडी लावली होती, तिथं ती उगाच थांबून राहिली. तिला एक बाई आठवत होती. दोन प्रशिक्षकांपूर्वीचा जो होता, त्याची बायको. त्याला हाकललं त्या सोमवारी ती छातीच्या एक्स-रेला आली होती, खोकला बरा होत नाही म्हणून. हॉस्पिटलचा ढगळ झगा घातलेली, ओठांना व्यवस्थित रंग लावलेली. लुरीननं तिची हनुवटी यंत्राच्या पट्टीवर टेकवली, खांदे पुढं ओढले. दोन दिवसांपूर्वी त्याच हातांचा कर्णा करून ती त्या बाईच्या नवऱ्याच्या नावानं घसा फाटेस्तोवर ओरडली होती, सत्तर हजारांबरोबर. काचेमागून लुरीन म्हणाली, "श्वास घ्या. रोखून धरा." यंत्र गुरगुरलं. "सोडा आता." बाईनं श्वास सोडला नाही. लुरीननं पुन्हा सांगितलं, "सोडा, झालं." तरी ती तशीच उभी, पट्टीला छाती लावून, जणू सोडला तर कुणीतरी ऐकेल. चित्र स्वच्छ आलं. फुफ्फुसात काही नव्हतं. आता त्या पट्टीपाशी लुरीनला शॉनाची पाठ दिसत होती, मानेखालचा तो तीळ, खांद्याची पुढं आलेली हाडं. पण मग दुसरंच चित्र त्यावर चढायचं: रविवारी दुपारी शॉनाची गाडी अंगणात वळतेय, नातू उडी मारून बाहेर येतो, मधल्या सुट्टीत आल्यासारखा, मुक्कामाची पिशवी न घेता. आठवड्याच्या मधल्या दिवशी, काही कारण नसताना भेटायला येणारी मुलगी. एवढंच हवं होतं तिला, आणि त्यासाठी विद्यापीठानं एका चुकीच्या माणसाला घ्यायला हवं होतं.

फोन त्या संध्याकाळीच आला. शॉना आधी मुलांचं बोलली, दातांच्या तारांचं, बर्फाचं. मग म्हणाली, "आई, त्यांचा फोन आला होता. शुक्रवारी बोलावलंय नीलला."

"ऐकलं मी. म्हणजे फोनचं नाही, नाव ऐकलं."

"तिकडं काय बोलतायत लोक?"

"लोक काय, बोलतात. कुणी हो म्हणतं, कुणी नाही."

"आणि तू?"

लुरीन फोन घेऊन खिडकीपाशी गेली. शेजाऱ्याच्या दारावर विटकरी झेंडा होता, वारा पडल्यामुळं काठीला चिकटलेला. "मला तू हवी आहेस," ती म्हणाली.

"आई, मी ते नाही विचारलं. नीलनंच विचारायला सांगितलंय. तो म्हणतो, मिस लुरीन खोटं बोलणार नाहीत. तुला तो हवाय का?"

"नाही," लुरीन म्हणाली.

पलीकडं कुत्रं भुंकलं, कुणीतरी जिना उतरलं. मग शॉनानं विचारलं, "माझ्यासाठी नाही म्हणतेस, की संघासाठी?"

"तुझ्यासाठी गं. हे गाव कसं आहे तुला ठाऊक नाही. जिंकलं तर चर्चमध्ये पुढची जागा देतील, हरलं तर पोरांना शाळेत..."

"मी त्याच गावात वाढलेय, आई." शॉना शांतपणे म्हणाली. "मला ठाऊक आहे गाव कसं आहे. आणि मला यायचंय तिथं. मी थकलेय. माझ्या मुलांना आजीचं घर कुठल्या रस्त्यावर आहे तेही सांगता येत नाही. नील मागं लागलेला नाही, मी लागलेय त्याच्या मागं."

हे लुरीनला ठाऊक नव्हतं. तिला वाटत होतं, मुलीला ब्रँटली नकोच आहे, स्टेडियम नको तसं. ती काही म्हणणार तोवर फोन नीलकडं गेला होता. "मिस लुरीन," त्याचा जड, सावकाश आवाज आला, "सांगा. काय चुकतं माझं?" आणि देवाशपथ, तिनं सांगितलं. त्यानं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. डावी बाजू, उपांत्य सामना, चौथा प्रयत्न. मग तो वाद घालायला लागला, हे असं नाही, तो पोरगा जखमी होता, तुम्हाला तिथून दिसलं नसेल. ती म्हणाली, मला सगळं दिसलं. दोघंही तासभर बोलली, आणि शेवटी तो हसून म्हणाला, "विद्यापीठवाले नुसती स्तुती करतात हो. स्तुती करणाऱ्या माणसाचं काय करायचं ते मला कळत नाही. मी जाऊन येतो. नाही घेतलं तर नाही." फोन ठेवल्यावर लुरीनला जाणवलं, तासभरात आपण एकदाही विचारलं नाही की शॉना आता खोलीत आहे की उठून गेली.

गुरुवारी दुपारी ती दोघं आली, मुलांना मैत्रिणीकडं ठेवून, गाडीनं. थर्मनच्या नकाशावर काहीच दिसलं नसणार. शॉनाच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. तिनं आईला मिठी मारली ती जरा लवकर सोडली. जेवताना नील विद्यापीठाबद्दल अवाक्षर बोलला नाही, बापाच्या शेतातल्या विहिरीबद्दल बोलला. शुक्रवारी सकाळी त्यानं लुरीनच्या हातची बिस्किटं खाल्ली, कोट चढवला आणि दारात थांबून विचारलं, "टाय ठीक आहे?" शॉनानं ती सरळ केली. त्याच्या गळ्यापाशी तिची बोटं क्षणभर थांबली, तेवढ्यात लुरीन सिंककडं वळली.

दोघी मायलेकी स्वयंपाकघरात बसून राहिल्या. शॉनानं डबे पुसायला काढले, जे पुसलेलेच होते. "तुला राग आलाय," लुरीन म्हणाली. "राग नाही," शॉना म्हणाली, "मला फक्त खरं कळायला हवंय. त्या दिवशी तू नाही म्हणालीस ना, ते ज्या आवाजात म्हणालीस तो आवाज मला माहितीये. तो माझ्यासाठीचा आवाज नव्हता." लुरीननं स्वतःच्या आत शोधून बघितलं. तिनं हयातभर इतरांच्या आतलं बघितलं होतं, कुठं तडा आहे, कुठं सावली आहे, बोट ठेवून दाखवता येई. इथं मात्र तिला दोन्ही दिसत होती, एकावर एक चढलेली, आणि कुठली कुणाची कड ते कळेना. लेकीची भीती खरी होती. संघाची काळजीही खरी होती. ती म्हणाली, "दोन्ही असेल." शॉना म्हणाली, "बरं," आणि झाकण लावलं. या 'बरं'मध्ये काय होतं ते लुरीनला कळलं नाही. दुपार झाली. तिनं सूप गरम केलं, शॉनानं दोन चमचे घेतले. लुरीनला म्हणावंसं वाटत होतं, इथंच राहा, नीलला काम मिळो न मिळो, तू राहा. पण माणसं अशी राहतात का कुठं. तिला मनापासून वाटायला लागलं की नीलला ते काम मिळावं. खरंच मिळावं. हरेल तर हरेल, आपण रांग बदलू, जाणंच सोडून देऊ, कानांत बोळे घालू. लेकीच्या वाकलेल्या मानेकडं बघत ती हे सगळं स्वतःला सांगत होती आणि तिला ते पटतही होतं. तिनं देवाचं नाव घेतलं. हे खरंच घडलं, नंतर तिनं कितीदा आठवून पाहिलं तरी यात खोट सापडली नाही.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. बूएल. शॉना आलीय हे त्याला माहीत नव्हतं, नील गावात आहे हेही नाही. लुरीननं फोन कानाला लावायच्या आधीच त्याचा आवाज खोलीभर झाला.

"मिळाला! लुरीन, मिळाला! गिडन्स! आत्ता जाहीर केलं, रेडिओ लाव! ओटिस गिडन्स आपला! अगं मी रडतोय इथं छपराच्या दुकानात उभा राहून, पोरं हसतायत मला!"

आणि लुरीनच्या छातीत काहीतरी उघडलं. तिला विचारून उघडलं नाही. गिडन्स! त्याची ती पोलादी फळी, ती पोरं जी खाली वाकून उभी राहतात तेव्हाच समोरच्याचा धीर सुटतो. तिला पुढचा सप्टेंबर दिसला, ऊन, पायऱ्या, सत्तर हजार माणसं एकदम उठताना होतो तो आवाज, बापाचे खांदे. तिचे गाल वर गेले, डोळे बारीक झाले, तोंड उघडलं. फार तर एक क्षण. मग तिला आठवलं समोर कोण बसलंय. तिनं चेहरा ओढून जागेवर आणायचा प्रयत्न केला, पण शॉना तिच्याकडंच बघत होती, पहिल्यापासून बघत होती.

"नंतर करते, बूएल," लुरीन म्हणाली आणि फोन पालथा ठेवला. "शॉना. बाळा, मी..."

"थांब," शॉना म्हणाली. तिनं हातातलं फडकं खाली ठेवलं. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यानंच लुरीन घाबरली. "पुसू नकोस ते. राहू दे. कित्येक वर्षांत बघितला नव्हता मी तो चेहरा." ती थोडं हसली, डोळे भरलेलेच होते. "मी लहान असताना तुझ्याबरोबर यायचे ना, मला खेळातलं काहीच कळायचं नाही. मी सामना बघायचेच नाही. मी तुझ्याकडं बघत बसायचे. घरी तू दमलेली असायचीस. तिथं मात्र तू अशी व्हायचीस. मला वाटायचं, एक दिवस माझ्याकडं बघूनही होशील. मग बारा वर्षांची झाले आणि मी वाट बघायचं सोडलं."

नाही गं, तू जन्मलीस तेव्हा, तू चाललीस तेव्हा, असं काहीतरी लुरीननं म्हणायला हवं होतं, आणि ते खोटंही नसतं. पण तिला त्या वेळचा स्वतःचा चेहरा कसा होता ते ठाऊक नव्हतं. ते ठाऊक असणारी एकटीच समोर बसली होती.

बाहेर गाडी वळल्याचा आवाज आला. खडीवर चाकं हळू फिरली आणि थांबली. इंजिन बंद झालं, दार मात्र उघडलं नाही. नील आतच बसून राहिला होता.

"त्याला सांगितलं असेल का कुणी?" लुरीननं विचारलं.

"रेडिओवरनं कळलं असेल. तसंच कळतं." शॉना उठली. तिनं नळाखाली बोटं ओली करून डोळ्यांना लावली आणि केस मागं घेतले. जाताना ती आईच्या खुर्चीमागं थांबली, दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवले, आणि खाली वाकून तिच्या केसांवर क्षणभर गाल टेकला. "मी जाते त्याच्याकडं," ती म्हणाली. "तू बस इथंच. आई, एवढ्यात बाहेर येऊ नकोस हं. त्याला आत्ता दिसायला नको तो चेहरा."

जाळीचं दार वाजलं. लुरीन बसून राहिली. पालथा फोन टेबलावर पुन्हा थरथरायला लागला, बूएल असेल, थर्मन असेल, सगळं गाव असेल. अंगणात गाडीचं दार उघडलं, मग खूप वेळ काहीच ऐकू आलं नाही. तिला रडू यायला हवं होतं आणि ते आलंही, गालांवरून खाली ओघळलं. ते पुसायला तिनं हात वर नेला, तेव्हा तिच्या बोटांना कळलं की गाल अजून वरच आहेत. तिनं हाताचा पंजा तोंडावर घट्ट दाबून धरला आणि ते खाली यायची वाट बघत राहिली.